फोरिअर सिरीज: आधी आलेख, मग इंटिग्रेशन

डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्या मुलांना गणितात सगळ्यात जास्त धास्ती असते ती फोरिअर सिरीजची, म्हणजे ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारं फंक्शन साइन आणि कॉसच्या बेरजेनं लिहिण्याची. मीही त्याच वाटेनं आलो, पुढे पॉवर सप्लायच्या डिझाइनमध्ये गेलो आणि आता हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांना हे शिकवतो. त्यांना सुरुवातीलाच सांगतो, सूत्राला हात लावण्याआधी फंक्शनचा आलेख काढा. तोही एका पिरियडचा (एका आवर्तनाचा) नको, सलग तीन पिरियडचा काढा.

याचं कारण असं की प्रश्नात छापलेलं असतं ते पूर्ण फंक्शन नसतंच, तो फक्त एक तुकडा असतो. हा तुकडा दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा मांडत गेलं की जे तयार होतं, त्याची सिरीज आपल्याला काढायची असते.

एक्स² घ्या. इंटरव्हल −पाय ते पाय असेल तर आलेखात वाट्या कडेला कड लावून मांडल्यासारख्या दिसतात. रेघ कुठेही तुटत नाही. डावी बाजू उजवीसारखीच, म्हणजे फंक्शन इव्हन, म्हणून बी-एन, म्हणजे साइनच्या टर्मचे कोइफिशंट (गुणक), शून्य. अर्धं काम न करताच संपलं. उत्तर येतं:

पाय²/३ − ४ (कॉस एक्स − कॉस २एक्स/४ + कॉस ३एक्स/९ − …)

आता तेच एक्स², पण इंटरव्हल ० ते २पाय. प्रत्येक तुकडा शून्यापासून ४पाय² पर्यंत चढतो आणि तिथून थेट शून्यावर कोसळतो. हे इव्हन नाही आणि ऑडही नाही. 'एक्स² तर इव्हन असतं' म्हणून इथे बी-एन शून्य लिहून टाकणारे दरवर्षी भेटतात. तीन पिरियड काढले असते तर ते डोळ्यांनाच दिसलं असतं. इथे ए-एन (कॉसच्या टर्मचे गुणक) = ४/एन² आणि बी-एन = −४पाय/एन, तर सरासरीची टर्म ४पाय²/३.

दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून जरा वेळ बघत बसा. पहिल्यात टर्म एन²च्या हिशेबानं लहान होत जातात, दुसऱ्यात साइनच्या टर्म नुसत्या एनच्या हिशेबानं, फार सावकाश. हा फरक त्या उडीमुळे पडतो. आलेखात उडी असेल तर कोइफिशंट १/एन सारखे कमी होतात. उडी नसून नुसता कोपरा असेल तर १/एन² सारखे. म्हणजे उत्तराचा अंदाज इंटिग्रेशनच्या आधीच बांधता येतो. आलेख सलग असून उत्तरात १/एनच्या टर्म उरल्या असतील, तर मागे जाऊन चूक शोधायची.

दुसरी परीक्षा उडीच्या जागेवर घ्यायची. ० ते २पाय वाल्या सिरीजमध्ये एक्स = ० घाला. बेरीज शून्य यायला हवी असं वाटतं, पण तिथे सगळ्या साइन शून्य होतात आणि उरलेल्या सगळ्या टर्म धन असतात, मग शून्य येणार कशी? डिरिक्लेनं १८२९ मध्ये सिद्ध केलं की अशा ठिकाणी सिरीज उडीच्या दोन्ही टोकांच्या बरोबर मधोमध जाते, म्हणजे इथे २पाय² वर. त्यातून ४पाय²/३ वजा करून चारनं भागा: १ + १/४ + १/९ + … = पाय²/६. पहिल्या सिरीजमध्ये एक्स = पाय घातलं तरी हेच उत्तर मिळतं. ऑयलरनं १७३०च्या दशकात वेगळ्याच मार्गानं शोधलेली ही बेरीज दोन वेगवेगळ्या आलेखांतून एकसारखी बाहेर पडते. या धड्यातली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच.

इंटिग्रेशनबद्दल थोडक्यात. यूव्ही रूल, म्हणजे दोन फंक्शनच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची रीत, हातात बसेपर्यंत घोटा. साइन एनपाय शून्य, कॉस एनपाय म्हणजे (−१) चा एनवा घात, कॉस २एनपाय एक, हे तोंडपाठ हवं. काही पुस्तकांत सिरीज ए-नॉटपासून सुरू होते, काहींत ए-नॉट भागिले दोनपासून; एकच पद्धत धरा आणि पहिली टर्म ही फंक्शनची सरासरीच आहे ना, हे आलेखावरून ताडून बघा.

एका ठिकाणी मात्र थांबायलाच हवं. उत्तराच्या छेदात एन² − १ आलं, तर एन = १ साठी ते चालत नाही. ती टर्म मूळ इंटिग्रलमध्ये जाऊन वेगळी काढावी लागते. हाफ वेव्ह रेक्टिफायरमध्ये, म्हणजे एसीची फक्त धन अर्धी लाट पुढे जाऊ देणाऱ्या सर्किटमध्ये, हेच होतं. पीक १ धरलं तर डीसी (सरासरी) १/पाय, म्हणजे ०.३१८; आणि वेगळी काढलेली एन = १ची टर्म ०.५ साइन एक्स. ही आपल्या मेन्सची ५० हर्ट्झ. ती डीसीपेक्षाही मोठी आहे, आणि आळस करून सोडली तर सगळ्यात मोठी रिपलच (डीसीवर उरलेली लहर) कागदावरून गायब होते. फुल वेव्हमध्ये ऋण अर्धी लाटही उलटून धन होते, त्यामुळे आलेखाचा पिरियडच निम्मा होतो, म्हणून ५० हर्ट्झ उरतच नाही. डीसी ०.६३७ आणि पहिली रिपल १०० हर्ट्झची, ०.४२४. फिल्टरचा कपॅसिटर निवडायला आम्ही बसतो तेव्हा विचार इथूनच सुरू होतो.

उडी असलेलं फंक्शन साइन-कॉसच्या बेरजेनं लिहिता येतं, यावर मोठमोठ्यांचाही विश्वास बसत नव्हता. जोसेफ फोरिअरनं उष्णतेच्या वहनावरचा प्रबंध १८०७ मध्ये पॅरिसमध्ये मांडला, तेव्हा लाग्रांजनं हरकत घेतली. त्याचं पुस्तक यायला १८२२ उजाडलं. तेव्हा पहिल्या वाचनात पटलं नाही तर बिचकू नका, संगणकावर स्वतः बेरीज काढून बघा. −१ ते +१ ची स्क्वेअर वेव्ह घ्या आणि पाच, पन्नास, पाचशे टर्म काढून बघा. आलेख सपाट होत जाईल, पण उडीजवळचं शिंग १.१८च्या आसपास तसंच राहील, उडीच्या जवळजवळ ९ टक्के वर. टर्म वाढवल्या की ते अरुंद होतं, उडीकडे सरकतं, उंची मात्र सोडत नाही. याला गिब्ज फिनॉमिनन म्हणतात. पुढे सिग्नल प्रोसेसिंगला फिल्टर डिझाइन करताना हेच शिंग पुन्हा भेटतं, आणि विंडो फंक्शन (कडेकडच्या टर्म हळूहळू कमी करणारी वजनं) लागतात ती त्याला दाबायलाच.