डान्टेवर चालणाऱ्या साउंड सिस्टीममध्ये आयपी ॲड्रेस कसे लावावेत

स्टेजपासून मिक्सरपर्यंत ओढला जाणारा जाडजूड मल्टिकोअर जाऊन त्याच्या जागी एक लॅन केबल आली, तेव्हापासून सभागृहात किंवा नाट्यगृहात साउंड लावणाऱ्याला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाचा आकड्यांतला पत्ता, समजून घेण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. येथे एक नेहमीचा संच गृहीत धरला आहे: डान्टेचा (लॅन केबलवरून आवाज पाठवण्याची पद्धत) डिजिटल मिक्सर, दोन स्टेज बॉक्स (स्टेजवरचे माइक जोडायचे खोके), वायरलेस माइकचे काही रिसीव्हर आणि टॅबलेटवरून मिक्सर चालवता यावा म्हणून एक वायफाय राउटर.

सर्वप्रथम आवाजाचे नेटवर्क आणि कंट्रोलचे नेटवर्क वेगळे ठेवावे. बऱ्याच मोठ्या मिक्सरवर डान्टेचे पोर्ट आणि कंट्रोलचे पोर्ट मुळातच निरनिराळे असतात. डान्टेच्या पोर्टवरून आवाज स्टेज बॉक्सकडे जातो, तर कंट्रोलच्या पोर्टला राउटर जोडायचा असतो. दोहोंसाठी एकच स्विच (अनेक लॅन केबल एकत्र जोडणारे खोके) वापरण्याचा मोह होतो, पण बिघाड शोधायची वेळ येते तेव्हा वेगळे स्विच वापरल्याचे चीज होते.

आवाजाच्या नेटवर्कवर हाताने काहीही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डान्टेची उपकरणे मुळात ‘ऑटो’वर असतात आणि डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) देणारे कोणी सापडले नाही, तर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. हा आकडा पाहून अनेकजण काहीतरी बिघडले असे समजतात. कार्यालयातल्या संगणकावर तो बिघाडाचे लक्षण असतो हे खरे, परंतु येथे तो अगदी योग्य आहे. घोळ होतो तो अर्धवट बदलामुळे. एका स्टेज बॉक्सला हाताने १९२.१६८ चा पत्ता दिला आणि बाकीचे ऑटोवरच राहिले, तर डान्टे कंट्रोलर या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये त्या बॉक्सचे नाव लाल दिसू शकते आणि राउटिंग, म्हणजे आवाजाची जोडणी, होत नाही. म्हणून एका नेटवर्कवर एक तर सगळी उपकरणे ऑटोवर असावीत किंवा सगळ्यांचे पत्ते हाताने भरलेले असावेत. दुसऱ्या पर्यायाची गरज सहसा तेथेच पडते, जेथे संस्थेचा आयटी विभाग पत्ते ठरवून देतो. रिडंडंट जोडणी (एक बंद पडली तर दुसरी चालावी अशी दुहेरी) असेल, तर सेकंडरी पोर्टला १७२.३१ चा पत्ता आपोआप मिळतो. प्रायमरी आणि सेकंडरी या दोन बाजू एकमेकींना कोठेही जोडू नयेत.

कंट्रोलच्या बाजूला मात्र पत्ते ठरवून द्यावेत, कारण टॅबलेटवरच्या ॲपमध्ये मिक्सरचा पत्ता भरून ठेवलेला असतो आणि तो रोज बदलून चालत नाही. एक साधा आराखडा असा: राउटर १९२.१६८.१०.१, मिक्सर १९२.१६८.१०.१०, रिसीव्हर १९२.१६८.१०.३० पासून पुढे, आणि लॅपटॉप व टॅबलेट यांच्यासाठी राउटरच्या डीएचसीपीमध्ये १५० ते १९९ एवढेच क्रमांक मोकळे. हाताने दिलेला पत्ता या मोकळ्या पट्ट्यात कधीही येऊ देऊ नये, अन्यथा राउटर एखाद्या दिवशी तोच पत्ता कोणाच्या तरी फोनला देऊन बसेल. सबनेट मास्क (कोणते पत्ते एकाच गटातले हे ठरवणारा आकडा) सर्वत्र २५५.२५५.२५५.० ठेवावा, मिक्सर १९२.१६८.१०.१० वर आणि लॅपटॉप १९२.१६८.१.५ वर असेल, तर या मास्कमुळे केबल धडधाकट असूनही दोघे एकमेकांना सापडणार नाहीत. मिक्सरला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे गेटवेच्या (नेटवर्कबाहेर जाण्याच्या वाटेच्या) रकान्यात राउटरचा पत्ता घातला तरी पुरे.

कोणत्याही उपकरणाला नवा पत्ता देण्यापूर्वी तो रिकामा आहे ना, हे तपासावे. उपकरणाची केबल काढावी आणि लॅपटॉपवरून त्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तेथून उत्तर येते का ते पाहावे. केबल काढलेली असतानाही उत्तर आले, तर तो पत्ता दुसऱ्याच कोणाकडे आहे. मात्र उत्तराची ओळ नीट वाचावी: विंडोजमध्ये समोरचे यंत्र सापडले नाही तरी ‘रिप्लाय फ्रॉम’ अशी ओळ उमटू शकते, पण तिच्यात लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता असतो आणि शेवटी ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे लिहिलेले असते. खाली पाकिटे (पॅकेट्स) मिळाल्याचा हिशेबही दिसतो, त्यामुळे घाईत फसायला होते. पत्ता भरल्यावर उपकरण एकदा बंद करून चालू करावे, कारण काही यंत्रे नवा पत्ता त्यानंतरच स्वीकारतात.

राउटर आणि स्विच आधी चालू करावेत, बाकीची उपकरणे नंतर.

एकाच लॅपटॉपवरून दोन्ही नेटवर्क पाहायची असतील, तर केबल डान्टेच्या स्विचला जोडावी आणि वायफाय कंट्रोलच्या राउटरला. दोन्हीकडचे पत्ते वेगळ्या गटातले असल्याने गोंधळ होत नाही. डान्टे कंट्रोलरमध्ये केबलचा इंटरफेस निवडलेला आहे, याची खात्री करावी, कारण डान्टेचा आवाज वायफायवर चालत नाही. टॅबलेट जोडलेला असूनही मिक्सर दिसत नसेल, तर बहुधा तो राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असतो, जेथे एका यंत्राला दुसऱ्याशी बोलू दिले जात नाही. अँड्रॉइड फोनवर ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ अशी सूचना येते. तेथे जोडणी कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि कार्यक्रम संपेपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवावा.