फक्त ड्राय फूड खाणाऱ्या मांजराला वेट फूडची सवय कशी लावायची

वेट फूडचा, म्हणजे ओल्या खाण्याचा पाऊच फोडून वाटीत काढला की मांजर येतं, वास घेतं, वाटीच्या बाजूची फरशी पंजाने खरवडून झाकल्यासारखं करतं आणि निघून जातं. नंतर ड्राय फूडच्या डब्यापाशी बसून ओरडत राहतं. हे ज्यांच्या घरी रोज चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी हे समजून घ्या की मांजर मुद्दाम नखरे करत नाहीये. पिल्लू असताना ज्या प्रकारचं खाणं तोंडात बसलं तेच त्याला 'खाणं' वाटतं, आणि ड्राय फूडच्या दाण्यांवर बाहेरून फॅटचा आणि चवीचा लेप मारलेला असतो त्यामुळे त्यांना वासही जबरदस्त येतो. मग वेट फूडचा आग्रह कशाला, तर पाण्यासाठी. ड्राय फूडमध्ये पाणी १० टक्क्यांच्या आसपास असतं आणि वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के. मांजरांचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी भागातले, त्यांचं बरंचसं पाणी शिकारीतूनच मिळायचं, म्हणून मांजराला तहान मुळात कमी लागते. दाणे खाणारं मांजर वाटीतलं पाणी पितं, पण बऱ्याचदा एकूण पाणी कमीच पडतं आणि लघवी घट्ट होते.

सुरू करण्याआधी एक गोष्ट अगदी पक्की लक्षात ठेवा, 'भूक लागली की खाईल बरोबर' हा सल्ला मांजराच्या बाबतीत धोकादायक आहे. दोन-तीन दिवस नीट खाल्लं नाही तर मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं, जाड मांजराला तर जास्तच धोका. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर नेहमीचे दाणे द्या आणि व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला फोन करा. किडनीचं किंवा लघवीच्या खड्यांचं खास फूड चालू असेल तर व्हेटला विचारल्याशिवाय काहीच बदलू नका.

आता पहिली पायरी, दिवसभर भरून ठेवलेली वाटी बंद. वेट फूड आणायच्या आधीच हे करा. तेच दाणे, तेवढेच, पण सकाळ-दुपार-रात्र ठरलेल्या वेळी द्यायचे आणि अर्ध्या तासाने वाटी उचलायची, म्हणजे जेवायच्या वेळी थोडी भूक असते. खरं सांगायचं तर अर्धं काम इथेच होतं आणि बरेच लोक हेच करत नाहीत.

ती सवय बसली की दाण्यांच्या वाटीशेजारी दुसऱ्या बशीत चमचाभर वेट फूड ठेवायचं, दाण्यांत कालवायचं नाही, कारण कालवलं आणि आवडलं नाही तर ते दाणेही सोडेल. फ्रीजमधलं गार तर अजिबात देऊ नका, पाऊच कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, बोटाला कोमट लागलं की झालं, मांजर जिभेपेक्षा नाकाने ठरवतं. खात नसेल तर वरून त्याचेच दोन-चार दाणे कुटून भुरभुरवा किंवा चिकन उकडलेलं पाणी चमचाभर घाला, पण त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. पेस्ट, ग्रेव्हीतले तुकडे, जेली असे प्रकार बदलून बघा, एकाला नाक मुरडणारं मांजर दुसरं चाटून खातं.

चाटायला लागलं की दर काही दिवसांनी वेट थोडं वाढवा आणि दाणे तेवढेच कमी करा. ८५ ग्रॅमचा पाऊच साधारण १५ ते २० ग्रॅम दाण्यांच्या जागी धरा, नाहीतर दोन्ही पोटभर देऊन मांजर फुगतं. पाऊचवर 'कम्प्लीट' (म्हणजे रोजचं पूर्ण जेवण म्हणून चालणारं) लिहिलंय का तेही बघा, कारण नुसत्या ट्यूनाचे बरेच पाऊच फक्त खाऊ म्हणून असतात. काही मांजरं आठवड्यात वळतात, काहींना दोन-तीन महिने लागतात. या काळात दर आठवड्याला वजन करा, मांजराला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. नवीन खाण्यात औषध मात्र कधीच लपवू नका, एकदा कडू लागलं की ते परत तोंड लावणार नाही.

आपल्याकडच्या उकाड्यात वेट फूड तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. मुंग्या येत असतील तर बशी पाणी भरलेल्या ताटात ठेवा.

इतकं करूनही नाहीच खाल्लं तर वाईट वाटून घेऊ नका, चांगलं कम्प्लीट ड्राय फूड खाऊन मांजरं छान जगतात, फक्त पाणी वाढवायचं बघा. घरात तीन-चार ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवा, खाण्याच्या आणि लिटर बॉक्सच्या जवळ नको, पाणी रोज बदला, वाहतं पाणी आवडत असेल तर फाउंटन घ्या. दाण्यांत कोमट पाणी घालून चालतंय का बघा, पण भिजलेले दाणेही तासाभराने टाकून द्यायचे. पाण्याऐवजी दूध नको, मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचत नाही. पावसाळ्यात दाणे मूळ पाकिटासकट हवाबंद डब्यात ठेवा, आणि दुकानात सुटे मिळतात ते घेऊ नका, किती दिवस उघडे पडलेत कळत नाही.

आणि लिटर बॉक्सकडे रोज लक्ष ठेवा. बोका सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभरच होतेय किंवा होतच नाहीये, तर लघवीचा मार्ग अडकलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, त्यामुळे रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याच वेळी व्हेटकडे न्या.