तासन्‌तास मास्क लावणाऱ्यांसाठी: कान, चष्मा, त्वचा आणि श्वास

महाराष्ट्रातील मास्कसक्ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, संपली आणि बहुतेकांनी आपले मास्क कपाटाच्या तळाशी ढकलले. काही जणांना मात्र तो सक्तीपूर्वीही लागत होता आणि आजही लागतो: रुग्णालयातील परिचारिका आणि वॉर्डातील मावश्या, क्षयरोग झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणारे घरचे लोक, केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, पिठाच्या गिरणीत किंवा बांधकामावर दिवसभर धूळ अंगावर घेणारे कामगार, भर चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस. मास्क वापरावा की नाही हा वाद येथे घ्यायचा नाही. तो वापरणे भाग आहे असे धरून कानाचे दुखणे, चष्म्यावरची वाफ, त्वचेवरचे पुरळ आणि जीव गुदमरल्याची भावना कशी कमी करता येईल, एवढेच येथे सांगायचे आहे.

यांपैकी बहुतेक त्रासांच्या मुळाशी दोनच गोष्टी आढळतात: हवा भलत्या फटीतून निसटते, किंवा इलॅस्टिकचा ताण भलत्या जागी पडतो. म्हणून उपाय शोधण्यापूर्वी आरशासमोर मास्क लावून, जोराने श्वास सोडून, हवा नेमकी कुठे लागते ते तळहाताने तपासावे. डोळ्यांकडे लागते, गालांवरून जाते की हनुवटीखालून, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. त्रास होऊ लागला की मास्क हनुवटीवर ओढून ठेवण्याची सवय सर्वांनाच लागते. तिने त्रास मिटत नाही, उलट मानेवरचा घाम आणि धूळ मास्कच्या आतल्या बाजूला लागते आणि तीच बाजू पुन्हा नाकातोंडावर येते.

कामाप्रमाणे मास्क

गरजेपेक्षा जड मास्क लावणे हे अस्वस्थतेचे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. क्षयरोगाच्या रुग्णाने साधा तीनपदरी सर्जिकल मास्क लावणे सहसा पुरेसे असते, कारण त्याच्या खोकल्यातून उडणारे तुषार उगमापाशीच अडवायचे असतात. त्याच्याजवळ बसणाऱ्याला मात्र हवेत तरंगणारे सूक्ष्म कण श्वासावाटे घ्यायचे नसतात, म्हणून त्याला चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा. प्रत्यक्षात अनेक घरांत याच्या नेमके उलटे दिसते: धाप लागलेल्या रुग्णाच्या तोंडावर एन-९५ आणि शुश्रूषा करणाऱ्याच्या तोंडावर रुमाल.

एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवणारा मास्क. भारतीय मानक आयएस ९४७३ प्रमाणे त्याच्या जवळचा प्रकार एफएफपी-२ हा असून, खरेदी करताना वेष्टनावर आणि मास्कवर हे आकडे छापलेले आहेत का ते पाहावे. समोर गोल झडप असलेला मास्क उच्छ्वास थेट बाहेर सोडतो, त्यामुळे आत उष्णता आणि दमटपणा कमी साठतो. गिरणीवाल्यासाठी किंवा गवंड्यासाठी तो खरोखर सोयीचा आहे, कारण त्यांना फक्त धुळीपासून बचाव करायचा असतो. तोच मास्क संसर्गजन्य रुग्णाने लावला तर काही उपयोग नाही, कारण त्याचा उच्छ्वास न गाळताच खोलीत येतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये झडपवाल्या मास्कविरुद्ध राज्यांना सावध केले होते ते याच कारणाने. पुण्यात दुचाकीवरून जाताना चेहऱ्याभोवती आवळला जाणारा स्कार्फ उन्हापासून चांगला वाचवतो. सूक्ष्म धुळीबाबत त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

चष्म्यावरची वाफ

उच्छ्वास जवळजवळ शरीराइतका गरम आणि बाष्पाने भरलेला असतो. तो नाकाच्या दोन बाजूंच्या फटींतून वर चढतो आणि त्या मानाने थंड असलेल्या काचेवर त्याचे बारीक थेंब बनतात. (मुंबईत वातानुकूलित खोलीतून बाहेर पडल्याबरोबर चष्मा धुरकटतो, तो मास्क नसतानाही धुरकटतो; त्याचा दोष मास्कवर लादण्याचे कारण नाही.) तेव्हा पहिला उपाय काचेवर नसून नाकावर करायचा आहे. बहुतेक लोक मास्कची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबतात. त्यामुळे मधोमध टोकदार घडी पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहते. त्याऐवजी दोन्ही हातांची दोन-दोन बोटे पट्टीच्या मध्यावर ठेवून, दाबत दाबत गालाच्या हाडांकडे सरकवावीत, म्हणजे पट्टी नाकाचा आकार घेते. चष्मा मास्कच्या वरच्या कडेवर टेकेल असा बसवावा, म्हणजे त्याच्या वजनाने कड जागेवर राहते. चमकी घालणाऱ्या स्त्रियांना पट्टीखाली नाकपुडी दुखण्याचा त्रास होतो. पट्टी नाकाच्या हाडावर, म्हणजे चमकीच्या बरीच वर बसेल इतका मास्क उचलून घ्यावा, आणि तरीही टोचत असेल तर कामाच्या पाळीपुरती बारीक, चपटी चमकी घालावी.

एवढ्याने भागले नाही तर औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी वैद्यकीय चिकटपट्टी मास्कच्या वरच्या कडेवर, अर्धी मास्कवर आणि अर्धी त्वचेवर, आडवी लावावी. शस्त्रक्रियागृहात हा प्रकार रोजचा आहे. सर्जिकल मास्क असेल तर वरच्या कडेच्या आत टिश्यूची पातळ घडी ठेवूनही बाष्प शोषले जाते. एन-९५च्या आत मात्र असे काहीही ठेवू नये, कारण त्याने कडेचा घट्टपणा मोडतो.

काचेवरचा उपाय साबणाचा आहे. चष्मा साबणाच्या पाण्याने धुऊन, जादा पाणी झटकून, न घासता हवेवर वाळू द्यावा; काचेवर साबणाचा अदृश्य थर राहतो, पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि बाष्प थेंबाथेंबांनी न साचता पारदर्शक थरासारखे पसरते. परिणाम काही तास टिकतो, म्हणून प्रत्येक पाळीच्या आरंभी पुन्हा धुवावे लागते. काचांवर विशेष लेप असेल तर चष्मेवाल्याला आधी विचारावे. दंतमंजन किंवा टूथपेस्ट काचेवर चोळण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात आणि त्यांनी काचेवर कायमचे ओरखडे पडतात.

वर चढणाऱ्या याच हवेने डोळ्यांतील ओल उडून ते चुरचुरतातही. नाकाजवळची फट बंद केली की हा त्रास बहुधा आपोआप कमी होतो, आणि संगणकासमोर बसणाऱ्यांनी पापण्यांची उघडझाप जाणीवपूर्वक वाढवावी.

कान आणि डोके

कानाच्या मागची त्वचा पातळ आहे आणि तिच्याखाली लगेच कूर्चा लागते, त्यामुळे बारीक इलॅस्टिकचा ताण तेथे चार-पाच तास राहिला की वळ उठतात. उपाय एकच, ताण कानावरून काढून डोक्याच्या मागच्या बाजूला नेणे. दोन्ही बाजूंची इलॅस्टिके मागे अडकवणारी प्लास्टिकची पट्टी स्वस्तात मिळते; ती नसेल तर केसांच्या पट्ट्यावर दोन मोठी बटणे शिवून इलॅस्टिक त्यांत अडकवावे, किंवा केस बांधलेले असतील तर अंबाड्याला लावलेल्या चिमट्याचा आधार घ्यावा. पाठीमागे बंद बांधायचे मास्क मिळत असतील तर तेही चांगले. ज्यांचे श्रवणयंत्र कानामागे बसते त्यांनी कानात अडकवायचा मास्क टाळावाच, कारण मास्क ओढून काढताना यंत्र कधी निसटून पडते ते कळतही नाही.

डोक्यावरून दोन पट्टे जाणारा एन-९५ कानाला अजिबात त्रास देत नाही आणि चेहऱ्याला जास्त नीट बसतो, म्हणून दीर्घ पाळीसाठी माझी पसंती त्यालाच आहे. त्याचा वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा पट्टा कानांच्या खालून मानेमागे असावा. दोन्ही पट्टे एकाच जागी मानेवर घेतले तर मास्क खाली सरकतो, नाकावर फट पडते आणि आपण तो पुन्हा आवळत बसतो. पट्ट्यांच्या दाबाने डोके दुखू लागल्यास वरचा पट्टा बोटभर वर-खाली करून पाहावा. मात्र पाळीत कोणी पाणीच पीत नसेल तर डोकेदुखीचे कारण पट्ट्यांपेक्षा तेथेच शोधणे शहाणपणाचे ठरेल. मास्क काढावा लागतो म्हणून पाणी टाळणारे कर्मचारी प्रत्येक वॉर्डात भेटतात.

त्वचा

मास्कखाली घाम, उष्णता आणि घर्षण एकत्र येतात, छिद्रे बुजतात आणि हनुवटीभोवती मुरूम उठतात. नाकावर आणि गालाच्या हाडांवर दाबाने लाल चट्टे पडतात. मास्क लावण्याआधी चेहरा सौम्य साबणाने धुऊन, टिपून कोरडा करावा आणि तेलकट नसलेले मॉइश्चरायझर अर्धा तास आधी लावावे, म्हणजे ते मुरते. मास्कखाली मेकअपचा थर नको. पुरुषांनी दाढी कामावर निघण्याआधी लगेच करण्यापेक्षा आदल्या रात्री करावी, कारण ताज्या दाढीच्या त्वचेला घाम फार झोंबतो. मात्र एन-९५ वापरणाऱ्याने दाढीचे खुंट राखूही नयेत, कारण खुंटांमुळे कड त्वचेला भिडत नाही आणि महागडा मास्क रुमालाइतकाच कामाचा उरतो.

दाबाच्या जागी पेट्रोलियम जेली चोपडण्याचा घरगुती उपाय सैल मास्कसाठी ठीक आहे. घट्ट मास्क मात्र तिच्यावरून सरकतो, म्हणून ती पाळी संपल्यावर, चेहरा धुऊन लावावी. नव्या मास्कचा उग्र वास येत असेल तर तो वापरण्यापूर्वी काही तास उघड्या हवेत ठेवावा. खाज आणि पुरळ नेमके इलॅस्टिकच्या किंवा पट्टीच्या आकारात उठत असतील तर ती त्या पदार्थाची ॲलर्जी असण्याचा संभव आहे. अशा वेळी दुसऱ्या बनावटीचा मास्क वापरून पाहावा. त्वचा फाटली, पाणी सुटू लागले किंवा दोन आठवड्यांत पुरळ कमी झाले नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे आणि दुकानातून स्वतःच स्टेरॉइडचे मलम आणून चोळू नये.

श्वास, उकाडा, वास आणि आवाज

मास्कमुळे प्राणवायू कमी पडतो ही समजूत अजून गेलेली नाही. मास्कचे तंतू कण अडवतात. प्राणवायूचे रेणू त्या कणांच्या मानाने इतके लहान आहेत की ते सहज आरपार जातात. गुदमरल्यासारखे वाटते ते खोटे नसते, पण त्याचे कारण वेगळे आहे: नाकाला आणि ओठांना गार हवेचा स्पर्श झाला की श्वास मोकळा असल्याची जाणीव होते, आणि मास्कखाली तो स्पर्शच मिळत नाही. शिवाय एन-९५मधून हवा ओढायला थोडे अधिक बळ लागते. म्हणून जिने चढताना वेग कमी ठेवावा, श्वास तोंडाने न घेता नाकाने, सावकाश घ्यावा, आणि घामाने भिजलेला मास्क ताबडतोब बदलावा, कारण ओल्या मास्कमधून श्वास घेणे खरोखरच कठीण जाते. पावसाळ्यात एक कोरडा मास्क नेहमी जवळ असू द्यावा. मधली सुट्टी घ्यायची तर उघड्या, वाहत्या हवेत, इतरांपासून दूर जाऊन घ्यावी. बंद जेवणखोलीत चौघांनी एकदम मास्क काढल्याने दिवसभराची काळजी वाया जाते.

दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी कोणता मास्क किती वेळ लावावा हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. दोन वर्षांखालील मुलांना, आणि ज्यांना स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही अशा रुग्णांना, तो लावू नये.

मास्कमध्ये येणारी दुर्गंधी बहुधा जिभेवरच्या थराची आणि कोरड्या पडलेल्या तोंडाची असते. जीभ घासणे आणि पाणी पिणे यांनी ती जाते. तंबाखूचा बार भरून मास्क लावणाऱ्यांना यावर काही उपाय सांगता येत नाही.

मास्क आवाजातील वरच्या पट्टीचे सूर जास्त दाबतो, त्यामुळे स, श, फ यांसारखी अक्षरे ऐकणाऱ्याला नीट कळत नाहीत. ओरडल्याने घसा बसतो, अक्षरे मात्र स्पष्ट होत नाहीत. हळू बोलावे, समोर पाहून बोलावे, आणि ऐकू कमी येणाऱ्या रुग्णासाठी औषधाच्या वेळा कागदावर लिहून द्याव्यात.

धुणे, ठेवणे, टाकणे

कापडी मास्क रोज साबण आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा. एन-९५ कधीही धुऊ नये आणि त्यावर सॅनिटायझरही फवारू नये, कारण त्याच्या मधल्या थरातील विद्युतभार कण ओढून घेतो आणि साबणाने किंवा अल्कोहोलने तो भार नष्ट होतो. मास्क दिसायला तसाच राहतो, काम मात्र करत नाही. पुन्हा वापरायचा असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता कागदी पिशवीत ठेवावा, म्हणजे ओल सुकते. कोविडकाळातील मास्कच्या टंचाईत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, उत्पादकाच्या सूचना नसतील तर, एक एन-९५ पाचपेक्षा अधिक वेळा चढवू नये असे सुचवले होते. इलॅस्टिक सैल पडले किंवा पट्टी वाकेनाशी झाली, तर तो आकडा गाठण्याआधीच मास्क बदलावा.

काढताना समोरच्या भागाला हात न लावता मागून पट्टे सोडवावेत आणि लगेच हात धुवावेत. घरातले वापरलेले मास्क किमान ७२ तास कागदी पिशवीत ठेवून, मग कापून, सुक्या कचऱ्यात टाकावेत, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सांगितले होते. कापायचे ते अशासाठी की कचऱ्यातून उचलून तो मास्क कोणी पुन्हा वापरू नये.