लहान कारखान्यासाठी बिझनेस कोच कसा निवडावा

कोचच्या शोधात निघण्यापूर्वी आपले नेमके काय अडते आहे ते कागदावर लिहावे आणि त्यावर कोच हाच इलाज आहे का, हे ठरवावे. मोठ्या कंपन्या पैसे थकवत असतील तर तो प्रश्न कोचचा नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचे बंधन 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने खरेदीदारावर घातले आहे आणि ते न पाळल्यास राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. शॉप फ्लोअरवर रिजेक्शन वाढले असेल तर लीनचा, म्हणजे उत्पादनातील नासाडी कमी करण्याच्या पद्धतीचा, सल्लागार गाठावा; केंद्र सरकारच्या एमएसएमई लीन योजनेत बसणाऱ्या अशा खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलते. जीएसटीचा घोळ सीएने निस्तरावा. कोच लागतो तो मालकासाठी: प्रत्येक कोटेशन त्याच्याच टेबलावर अडते, मॅनेजर नेमलेला असूनही कामगार सुट्टी मागायला थेट त्याच्याकडे येतात, दोघा भावांपैकी कोणी काय पाहायचे हे ठरलेलेच नाही, अशी परिस्थिती असेल तेव्हा.

नावे मिळवणे सोपे आहे. एमआयडीसीतील असोसिएशन, आपला सीए आणि ओळखीचे उद्योजक यांच्याकडून चार-पाच नावे मिळतात, तेवढी पुरेत. हॉटेलच्या हॉलमधील मोफत सेमिनारला खुशाल जावे, मात्र ‘आज नोंदणी केल्यास निम्मी फी’ अशी घोषणा झाली की चहा घेऊन घरी यावे.

प्रमाणपत्रांवर वेळ घालवू नये, पण त्यांचा अर्थ माहीत असावा. आपल्याकडे बिझनेस कोच म्हणवून घेण्यासाठी कोणताही सरकारी परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचना प्रमाणपत्रे देणाऱ्या जागतिक संघटनेच्या एसीसी, पीसीसी आणि एमसीसी या चढत्या पायऱ्यांसाठी प्रत्यक्ष कोचिंगचे अनुक्रमे किमान 100, 500 आणि 2,500 तास लागतात. त्यावरून त्या व्यक्तीने सराव केला आहे एवढे कळते. तिला ताळेबंद वाचता येतो का आणि सात तारखेचा पगार उभा करण्याची धावपळ तिने कधी अनुभवली आहे का, हे कळत नाही.

खरी कसोटी जुन्या ग्राहकांशी बोलण्याची आहे, आणि बहुतेक जण ती फोनवर दोन मिनिटांत उरकतात. कोच स्वतः जी नावे देतो ती त्याच्या सर्वांत खूश ग्राहकांचीच असणार. शिवाय ज्याच्याबरोबर वर्षभर ऊठबस झाली त्याच्याविषयी अनोळखी माणसाजवळ वाईट बोलायला आपल्याकडे कोणी धजावत नाही, त्यामुळे ‘कोच कसे आहेत?’ या प्रश्नाला ‘चांगले आहेत, खूप एनर्जी आहे’ एवढेच उत्तर येते. अशा उत्तरांवरून निर्णय कसा घ्यावा हे मलाही बराच काळ उमगत नव्हते. आता मी मत विचारतच नाही, घडलेल्या गोष्टी विचारतो. पूर्वी मालक स्वतः करत असलेले कोणते काम आता दुसरे कोणी करते? आठवड्याच्या मीटिंगला कोण बसते आणि मागच्या मीटिंगमध्ये काय ठरले? मालक सलग आठ दिवस बाहेरगावी गेले तेव्हा डिस्पॅच कोणी सांभाळला? ज्याच्याकडे खरोखर बदल झाला आहे तो माणूस या प्रश्नांवर न अडखळता नावानिशी बोलू लागतो. बाकीचे पुन्हा एनर्जीवर येतात.

‘उलाढाल दुप्पट झाली’ या दाव्याला मी फारशी किंमत देत नाही. कच्च्या मालासह काम घेणाऱ्या कारखान्याची उलाढाल पोलाद महागले तरी वाढते. नफ्याचे प्रमाण किती बदलले आणि ग्राहकांकडील येणे किती दिवसांवर आले, हे विचारावे.

शक्य असेल तर त्या ग्राहकाच्या कारखान्यातच जावे, विशेषतः जिथे कोचचे काम संपून सहा महिने उलटले आहेत तिथे. भिंतीवरचा बोर्ड पाहावा. उत्पादन, रिजेक्शन, डिस्पॅच असे रकाने नीट आखलेले असतात, कोपऱ्यात कोचच्या संस्थेचा लोगो चकचकीत असतो आणि शेवटची नोंद मात्र कोचच्या शेवटच्या भेटीच्या आठवड्यातली असते. असे बोर्ड मी भोसरीतही पाहिले आहेत आणि सातपूरमध्येही. तोच बोर्ड सुपरवायझर कोणी न सांगता रोज भरत असेल, तर त्या कोचचे नाव यादीत सर्वांत वर घ्यावे.

मग कोचला समोर बसवून विचारावे की कोणत्या ग्राहकाचे काम अर्धवट सुटले आणि का. ‘असे कधी झालेच नाही’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्यावा, कारण बऱ्यापैकी काम केलेल्या कोणाच्याही बाबतीत हे खरे असू शकत नाही. एखादा कोच त्या ग्राहकाचे नाव घेऊन त्याच्या घरातील वाटणीचे भांडण रंगवून सांगू लागला, तर तो कितीही हुशार असला तरी नको. उद्या आपले कॉस्टिंग आणि आपल्या भावाचा स्वभाव शेजारच्या प्लॉटवर चर्चेला येईल. नाव न सांगता कारण सांगणारा आणि त्यात स्वतःचे कुठे चुकले तेही बोलणारा कोच मी निवडतो.

पुढचे काम कागदाचे आहे. वर्षभराची फी आगाऊ देऊ नये, महिन्याची ठरवावी आणि तीस दिवसांच्या नोटिशीने दोन्ही बाजूंना थांबता यावे. फीवर 18 टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या आकड्यात धरला आहे का ते विचारून घ्यावे. गोपनीयतेचे कलम असावे, आपल्याच ग्राहकांना तोच माल देणाऱ्या दुसऱ्या कारखान्याचे काम त्या काळात घेणार नाही असे लिहून घ्यावे आणि कोचने सुचवलेल्या ईआरपी (कारखान्याचा कारभार एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर) विक्रेत्याकडून किंवा भरती एजन्सीकडून त्याला कमिशन मिळत असल्यास ते आधी जाहीर करण्याची अट घालावी. या शेवटच्या अटीवर जो कोच घासाघीस करतो, त्याच्या सूचनेवरून कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ नये आणि शक्यतो त्यालाही घेऊ नये.