हवालदारसाहेब, बायोडेटात हुद्दा नंतर, आधी काम

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉल्व्हच्या एका कारखान्यात मी एचआर बघते. बडोद्यात ईएमईचं, म्हणजे सैन्याची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेचं, स्कूल आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर करणारे फौजी बरेच, आणि त्यांचे बायोडेटा माझ्या टेबलावर येत असतात. माझे मिस्टरही ईएमईतले, म्हणून त्यातलं निम्मं तरी मला कळतं. शेठना मात्र 'हवालदार' वाचलं की कारखान्याचं गेटच दिसतं. तेव्हा पहिल्या चार ओळींत हुद्दा नको. तुम्ही काय चालू ठेवत होता, ते लिहा.

'17 वर्षे व्हेईकल मेकॅनिक' एवढ्यावर आमच्या मेंटेनन्सवाल्यांना काही उमगत नाही. इंजिन, क्लच, हायड्रॉलिक्स यांतलं काय स्वतः उघडून परत बसवलंत? काम वेळापत्रकानुसार देखभालीचं होतं, की बंद पडलेली गाडी ओढून आणण्याचं? हाताखाली माणसं किती, लॉगबुक कोण भरायचं? हे लिहा, पण फुगवू नका. तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या आमचे मेंटेनन्सचे साहेब इंजेक्टरवरच्या प्रश्नांवर येतात.

जीडीवाल्यांचा, म्हणजे जनरल ड्युटीच्या, तांत्रिक काम नसलेल्या जवानांचा प्रश्न निराळा. 'मॅडम, आम्ही तर बंदूकच चालवली,' असं ते सरळ सांगतात. अहो, सेक्शन कमांडर म्हणजे 10 माणसांची ड्युटी, रजा, प्रशिक्षण, भांडणं, सगळं तुमच्याच डोक्यावर. आमच्याकडे एवढंच करणाऱ्याला शिफ्ट सुपरवायझर म्हणतात. आणि कोणी कोत, म्हणजे युनिटची हत्यारं ठेवायची खोली, सांभाळलं असेल तर ते सगळ्यात वर घ्या. कोतमध्ये प्रत्येक हत्यार नंबरानिशी मोजलं जातं, देताना सही, परत घेताना सही, आणि एक जरी कमी भरलं तरी हिशेब लागेपर्यंत कोणाला चैन नसतं. आमच्या स्टोअरमध्ये महिनाअखेरीला रजिस्टर एक सांगतं आणि रॅक दुसरंच सांगतो. शेठची निम्मी चिडचिड त्यावरून असते. 'नंबरी मालाचा रोजचा हिशेब, देवघेवीची रजिस्टरं, तपासणीची तयारी' अशी ओळ ज्याच्या बायोडेटात आहे त्याला मी स्टोअरसाठी बोलावतेच. हत्यारं किती आणि कोणती, हे मात्र लिहायचं नाही. युनिट कुठे होतं, कोणत्या ऑपरेशनमध्ये होतात, तेही नाही. 1923 चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट निवृत्तीनंतरही सुटत नाही. 'उंचावरच्या थंड प्रदेशात काम' एवढं पुरे.

पदकं एका ओळीत. फौज सोडताना मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात चारित्र्याचा शेरा 'एक्झेम्प्लरी' असेल तर तो सर्वात वरचा शेरा आहे हेही लिहा, कारण बाहेर कोणाला ते ठाऊक नसतं. ट्रेडचं, म्हणजे फौजेत शिकलेल्या कामाचं प्रमाणपत्र आणि माजी सैनिकांसाठीच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र, दोन्हींच्या प्रती जोडा. मॅट्रिक आणि 15 वर्षं सेवा झालेल्यांना पदवीशी समकक्षतेचं जे प्रमाणपत्र मिळतं ते केंद्र सरकारच्या गट 'क'च्या जागांना उपयोगी पडतं. खासगी मालकावर त्याचं बंधन नाही, म्हणून आमच्यासमोर 'मी ग्रॅज्युएट' म्हणू नका, प्रमाणपत्राचं पूर्ण नाव सांगा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं नसेल तर तेवढं उरकून घ्या.

मुलाखतीत फौजी माणूस 'आम्ही केलं, युनिटने केलं' असंच बोलतो. संस्कार चांगलाच आहे, पण समोरच्याला तुमचा वाटा हवा असतो. दोनतीन प्रसंग 'मी'ने सुरू करून घरी मोठ्याने बोलून बघा. बायकोसमोर बोललात तर उत्तमच, ती फुगवलेलं लगेच पकडते. नुसतं 'यस सर' म्हणून थांबू नका, पुढे एक वाक्य जोडा. गुजराती येत नसेल तर हिंदी चालते, शेठ स्वतःच दुसऱ्या वाक्याला हिंदीवर येतात.

गेटवरची नोकरी तुम्हाला सगळ्यात आधी मिळेल. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यातच माजी सैनिकांना प्राधान्य देण्याची मुभा आहे. त्यात कमीपणा काहीच नाही, पण हातात मेकॅनिकचा ट्रेड असताना पहिला फोन आला म्हणून होकार देऊन टाकणं मला पटत नाही.

आता पगार. 'साहेब, तुम्ही द्याल ते,' असं म्हणालात की आकडा तिथेच खाली बसतो. त्या कामाला मकरपुऱ्यात काय मिळतं ते आधी दोघातिघांना विचारून या. मग हमखास प्रश्न येतो: 'पेन्शन तो छे ने?' चिडू नका. 'पेन्शन झालेल्या नोकरीची आहे, इथे मी आठ तास देणार आहे,' असं शांतपणे म्हणा आणि आपला आकडा सांगा. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, आणि कॅन्टीन कार्डही पगारात धरू देऊ नका. ओव्हरटाइमचा दर आणि पीएफ कशावर कापणार, हे त्याच बैठकीत विचारा आणि ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.