स्पेलिंग 'काऊ'चं, उच्चार 'कू'चा: विल्यम कूपरवर सेमिनार करताना

लातूर-नांदेडकडच्या कॉलेजात अठराव्या शतकातली इंग्रजी कविता शिकताना हमखास कोणीतरी विल्यम कूपरला 'काऊपर' म्हणतं. स्पेलिंगच तसं आहे: सी-ओ-डब्ल्यू-पी-ई-आर. पण या कवीचं आडनाव 'कूपर' असंच उच्चारतात. मुळात ते धंद्यावरून पडलेलं, आपल्याकडच्या सुतार-लोहारासारखं. लाकडी पिंपं बनवणारा तो कूपर.

मराठीत लिहिताना 'कू' दीर्घ. फोनेटिक कीबोर्डवर इंग्रजी स्पेलिंग ठोकू नका, भलतंच उमटतं. उच्चाराप्रमाणे टाइप करा. पुढे कूपरने, कूपरला, कूपरची कविता. आदरार्थी लिहायचं तर 'कूपरांनी', मग शेवटपर्यंत तेच. एका पानावर 'कूपर म्हणतो' आणि दुसऱ्यावर 'कूपर म्हणतात' वाईट दिसतं. इंग्रजी पेपरात उलटी चूक होते. उच्चार पाठ झाला की हात आपोआप डबल ओ लिहितो.

ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधताना नावासोबत 1731–1800 ही सालं टाका. नुसत्या नावावर 1666 ते 1709 या काळातला शरीरशास्त्रज्ञ विल्यम कूपरही निघतो, ज्याचं नाव एका ग्रंथीला आहे. शिवाय ग्रेट ब्रिटनचा लॉर्ड चॅन्सेलर (राज्यातला सर्वोच्च न्यायाधिकारी) झालेला तिसरा विल्यम कूपर, तो तर कवीच्या आजोबांचा सख्खा भाऊ!

आता मजकूर. जन्म हर्टफर्डशायरमधल्या बर्कमस्टेडचा, एवढं एका वाक्यात उरका. आयुष्यभर पुन्हा पुन्हा उचल खाणारा मानसिक आजार मात्र सांगाच, त्याशिवाय त्याची भक्तिगीतं कळत नाहीत. ती पाद्री जॉन न्यूटनसोबतच्या 'ऑल्नी हिम्स' या संग्रहात (1779) आहेत. एकूण 348 गीतं, बहुतेक न्यूटनची. अंबाजोगाईकडच्या विद्यार्थ्याला इथे अभंग आठवणारच. तुलना जरूर करा, पण नाममुद्रेपाशी थांबा: अभंगात 'तुका म्हणे' ओळीतच येतं, इथे कूपरच्या गीतांवर नुसतं 'सी' हे अक्षर छापलं होतं. गाणाऱ्याच्या तोंडी कवीचं नाव येतच नाही.

'द टास्क' (1785) हे सहा भागांचं काव्य. कूपरची मैत्रीण लेडी ऑस्टेनने विषय दिला 'सोफा', तिथून ते सुरू झालं. याला 'मुक्तछंद' म्हटलं की परीक्षक अडवतो, आणि बरोबरच अडवतो. यमक नाही, पण ओळ मोजलेली आहे: दहा उच्चारावयव (सिलॅबल), पाच आघात. 'निर्यमक' (ब्लँक व्हर्स) म्हणा, आणि एक ओळ फळ्यावर लिहून आघात मोजून दाखवा.