कथा-कविता पाठवायची कुठे? आधी जुने दिवाळी अंक चाळा

स्पर्धांच्या आणि मासिकांच्या याद्या मागत फिरण्यापेक्षा गेल्या वर्षीचे दिवाळी अंक हाती घ्या. नाशिकमध्ये टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालापासूनचं; नाहीतर घराजवळचं कुठलंही बरं वाचनालय चालेल. वही-पेन सोबत असू द्या.

अंक उघडला की कथा वाचत बसू नका, आधी अनुक्रमणिका बघा. सगळीच नावं गाजलेली दिसली तर तो अंक बहुधा निमंत्रितांचा, तिथं नव्या लेखकाचा नंबर लागणं कठीण. तीन-चार अनोळखी नावं असतील तर पुढे जा. संपादकाचं नाव, पत्ता, ईमेल सुरुवातीच्या पानांवर मिळतं. मुद्रक-प्रकाशकाची ओळ बारीक टायपात कुठंतरी कोपऱ्यात असते, तीही टिपून घ्या. मग एक कथा मोजा. स्तंभात ३५ ओळी, ओळीत साधारण सात शब्द, पानावर दोन स्तंभ, म्हणजे पानाला ४९० शब्द. सहा पानांची कथा चित्रं वजा जाता अडीच हजारांची झाली. तिथं सात हजार शब्दांची दीर्घकथा पाठवली तर ती न वाचताच बाजूला पडते.

दिवाळी अंकासाठी मे-जूनमध्येच पाठवा. गणपतीच्या सुमारास बहुतेक अंकांची पानं लागत आलेली असतात. वर्षभराची नियतकालिकं वेगळी: मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’, कवितांना धुळ्याचं ‘कविता-रती’, वैचारिक लेखनाला ‘साधना’ साप्ताहिक. निदान दोन अंक वाचल्याशिवाय कुठंही पाठवू नका.

स्पर्धांच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रकात परीक्षकांची नावं नाहीत, प्रवेशशुल्क मात्र ठळक, आणि ‘सर्व सहभागींना प्रमाणपत्र’ असं असेल तर सोडून द्या. प्रातिनिधिक काव्यसंग्रहाचाही असाच प्रकार: कविता ‘निवडली’ जाते आणि मग पाच-दहा प्रती विकत घ्यायला सांगतात. ती निवड नव्हे, आगाऊ विक्री. सगळं शुल्क काही फसवं नसतं. मागच्या वर्षीचा निकाल जाहीर झाला होता का, ते बघितलं की कळतं.

‘अप्रकाशित’ या अटीत बरेच आयोजक फेसबुकवरची पोस्टही धरतात. स्पर्धेला पाठवायची कविता तिथं टाकूच नका. आणि नाव कथेच्या पानावर नको म्हटलं असेल तर फाइलच्या नावातही नको.

टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. वर्ड फाइलसोबत पीडीएफ जोडा, म्हणजे फॉन्ट बदलताना जोडाक्षरं तुटली तर ताळा करता येतो. ईमेलच्या विषयात प्रकार, शीर्षक, शब्दसंख्या. सोबतचं पत्र पाच ओळींचं. कथेचा सारांश नको.

एकच कथा एका वेळी एकाच ठिकाणी. दोन महिन्यांनी एकदा विचारा, उत्तर नसेल तर परत घेत असल्याचं कळवा आणि पुढच्या ठिकाणी पाठवा. कुठं काय, कधी पाठवलं त्याची नोंद वहीत हवीच, नाहीतर तीच कथा दोन दिवाळी अंकांत छापून येते आणि दोन्ही संपादक दुरावतात.

स्वीकृती आली की मानधन आणि लेखकाची प्रत यांचं आधीच विचारून घ्या. हक्कांच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुदत वाचा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असं लिहिलेलं असेल तर ते खोडून ‘या अंकापुरते’ करायला सांगा.